चौकट वाचवणारे सुतारकाका

आमच्या चिपळूणच्या घराचं पुढचं दार पावसाच्या झडीने खालून कुजलं होतं आणि चौकटीच्या एका पायाला वाळवी लागली होती. आधी आलेला माणूस म्हणाला, सगळी चौकट उपटा, लोखंडी बसवा. म्हणजे जांभ्याची भिंत फोडणं, गिलावा, रंग, सगळंच आलं.

या सुतारकाकांनी मात्र पटाशीने टोचून लाकूड कुठवर पोकळ झालंय ते पाहिलं. वाळवी फूटभरच चढली होती. तेवढाच भाग कापून तिरक्या सांध्याने जुन्या सागाचा तुकडा जोडला, भिंतीत आणि लाकडात औषध मारलं. आजीने वर्षानुवर्षं पुजलेला उंबरठा जागचा हलला नाही, याचं मला फार समाधान आहे.

नवं दार सागवानी, ३५ मिमी जाड. खालच्या कडेलाही त्यांनी प्रायमर लावला. ती कड बरेच जण कोरडीच सोडतात आणि पाणी तिथूनच वर चढतं. पावसात लाकूड फुगतं म्हणून बाजूला बेताची फट ठेवली. ऐन श्रावणातही दार कुठे घासलं नाही.

पॉलिश मात्र दुसऱ्याकडून करून घ्या, त्यांच्या हातून ओघळ राहतात. आणि कडी-कोयंडा पितळीच मागा, आमच्या हवेत लोखंड टिकत नाही.