पाणी गावाचं, पाटी कंपनीची: सीएसआरच्या आरओ प्लांटचं परीक्षण

मराठवाड्यात बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीला लागून पत्र्याची एक खोली दिसते. बाहेर नाण्याची पेटी, आत आरओचं यंत्र आणि दारावर कंपनीच्या नावाची भलीमोठी पाटी. पाच रुपये टाका, वीस लिटरचा जार भरा. लोक त्याला 'कंपनीचं फिल्टर' म्हणतात. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्च करायच्या पैशातून बसवतात त्या ताशी १००० लिटरच्या प्लांटचं आहे.

नवा असेपर्यंत प्लांट उत्तम पाणी देतो. इथल्या बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सूट नाही, फ्लोराईडला दीडच्या वर नाही. गोम इथेच आहे. ऑपरेटर पेनासारखा टीडीएस मीटर बुडवून 'साठ आला' म्हणून दाखवतो, पण त्या मीटरला नायट्रेट आणि फ्लोराईड वेगळे कळत नाहीत. त्यात चव यावी म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्ह उघडून कच्चं पाणी मिसळलं की नायट्रेटही मागच्या दाराने परत येतं. किनवटसारख्या फ्लोराईडच्या पट्ट्यात तर प्रयोगशाळेचा अहवाल पाहिल्याशिवाय जार भरूच नये.

आता वाया जाणारं पाणी. यंत्र नीट चालत असताना साधारण निम्मं पाणी शुद्ध होतं, निम्मं रिजेक्ट. आठ तास चालवलं तर ८००० लिटर म्हणजे ४०० जार मिळतात आणि तितकंच खारट पाणी गटारीत जातं. बोअरचा टीडीएस १२०० असेल तर रिजेक्टचा २३०० च्या आसपास. ते बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडणं म्हणजे क्षार पुन्हा घरी आणणं. शाळेच्या संडासाला, गाड्या धुवायला ते चालतं. त्यासाठी एक टाकी आणि थोडी पाइप लागते, पण अंदाजपत्रकात ती क्वचितच दिसते. पाटी मात्र हमखास असते.

प्लांट बंद का पडतो याची कारणं ठरलेली आहेत. अँटीस्केलंटचा, म्हणजे क्षार बसू न देणाऱ्या औषधाचा कॅन संपतो आणि नवा कुणी आणत नाही. मग शेवटच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यावर आधी क्षार बसतात, पाण्याची धार बारीक होते. ऑपरेटर धार वाढवायला रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळतो. दोन दिवस बरं वाटतं, पण क्षार दुप्पट वेगाने बसतात. धार दहा-पंधरा टक्के घटली तेव्हाच सायट्रिक ॲसिडने धुतलं असतं तर मेम्ब्रेन वाचलं असतं. दुसरं कारण टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. गावाच्या टाकीत ती टाकलीच पाहिजे, पण कार्बन फिल्टर जुना झाला असेल तर क्लोरीन थेट मेम्ब्रेनपर्यंत पोचतं आणि मेम्ब्रेन जळतं. तेव्हा धार कमी होत नाही, उलट वाढते, आणि टीडीएसही वाढतो. लोकांना वाटतं मशीन सुधारली. यूव्हीचा दिवा वर्षभराने निळा दिसतो खरा, पण जंतू नीट मारत नाही. नाण्याची पेटी अडकते, ते तर रोजचंच.

हिशेब बघा. दिवसाला १०० जार गेले तर महिन्याला १५,००० रुपये. त्यातून ऑपरेटर, लाईट बिल, पाच मायक्रॉनची फिल्टर कार्ट्रिज आणि अँटीस्केलंट. चार मेम्ब्रेन दोन-तीन वर्षांनी बदलायची, एकेक दहा हजारांच्या पुढे. त्यासाठी वेगळे पैसे कोण ठेवतं?

पाटीवर 'सप्रेम भेट' असं लिहिलेलं असतं, आणि लोकांची चीड इथे सुरू होते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावेच लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हा नियम आहे. बोअर गावाचा, खोली गावाची, वीज गावाची, आणि वार्षिक अहवालात 'लाभार्थी' म्हणून अख्ख्या गावाची लोकसंख्या. प्लांट बंद पडला तरी तो आकडा खाली येत नाही. २२ मार्चला, जागतिक जल दिनी, कंपनी हिरवीगार पोस्ट टाकते आणि गावातलं एखादं पोरगं खाली कुलूप लावलेल्या दाराचा फोटो टाकतं. वयस्कर माणसं बोलत नाहीत, नुसतं हसतात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्याने तोडायला सांगितलं. इथल्या माणसाला पाणी कोण किती ओढतं हे पाटी वाचून ठरवावं लागत नाही. तरीही तो जार भरतो, कारण घरी लेकरू आहे. त्याला कृतज्ञता समजणं ही कंपन्यांची चूक.

सरपंचांनी करार करताना पुढच्या गोष्टी लेखी घ्याव्यात. 'यंदाचंच बजेट आहे' हे कारण ऐकू नये. सीएसआरच्या नियमांत सुरू असलेला प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो, त्यामुळे देखभाल आणि मेम्ब्रेनचा एक बदल त्यात बसतो. जानेवारी २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर अशी मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, तेव्हा हस्तांतराचा कागद मागावा. संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प कंपनीला स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावेच लागतात. तिथे आपलं गाव शोधावं आणि काय लिहिलंय ते ग्रामसभेत मोठ्याने वाचावं.

पाण्याला पाचपैकी चार, देखभालीला एक, पाटीला पाच. बोअरचा टीडीएस मुळात ५०० च्या आत आणि नायट्रेट-फ्लोराईडही मर्यादेत असेल तर हा प्लांट घेऊच नये, साधं क्लोरिनेशन पुरतं. घ्यायचाच असेल तर फीत कापायच्या आधी अँटीस्केलंटचे दोन कॅन, डझनभर कार्ट्रिज आणि नायट्रेट-फ्लोराईडचा अहवाल ग्रामसेवकाच्या टेबलावर आलेला असावा.