लॉन करायचंय: कार्पेट टाकू की रोपं टोचू, आणि मेक्सिकन घेऊ की हरळी?

नाशिकला घर बांधलं तेव्हा पुढच्या अंगणात मेक्सिकन गवताचं कार्पेट टाकलं, जवळपास ५०० स्क्वेअर फूट, आणि मागच्या बाजूला बजेट उरलं नाही म्हणून त्याच गवताची रोपं टोचली आणि एका पट्ट्यात हरळी लावली. त्यामुळे सगळे प्रकार एकाच मातीत, एकाच पाण्यावर, रोज डोळ्यासमोर वाढताना बघितलेत, आणि तुम्ही ठरवायच्या आधी जे कळायला पाहिजे ते सगळं इथे लिहितोय.

आधी फरक. कार्पेट म्हणजे नर्सरीत तयार झालेलं गवत मातीसकट तुकड्यातुकड्यांनी कापून आणतात आणि फरशीसारखं एकाला एक चिकटवून बसवतात, सकाळी उघडी माती आणि संध्याकाळी हिरवंगार. टोचणी म्हणजे तेच गवत सुटं करून मुळासकट काड्या तीन-चार इंचांवर लावायच्या आणि ते पसरून जमीन झाकेपर्यंत थांबायचं. खर्चात मोठा फरक पडतो कारण एका फुटाच्या कार्पेटमधून माझ्याकडे आठ-दहा फुटांची टोचणी आरामात झाली. पण टोचणीत पैसे वाचतात तिथे कमरेचे काटे ढिले होतात, तीन महिने उकिडवं बसून तण काढायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

कार्पेट घेणाऱ्यांनी एक हिशोब करून ठेवा. तुकड्याखाली एक इंच ओली माती धरली तर फुटाला साडेतीन-चार किलो वजन होतं, म्हणजे ५०० फुटांना पावणेदोन ते दोन टन माल गेटपासून आत वाहायचा. आणि तो त्याच दिवशी अंथरायचा. थप्पी तशीच ठेवली की आतून तापते, दुसऱ्या दिवशी मधले तुकडे पिवळे निघतात. मजूर आधी सांगून ठेवा, जमीन आधी तयार ठेवा, आणि मगच गाडी बोलवा.

आता जमीन, कारण खरा पैसा इथेच घालायचा असतो आणि लोक नेमकं इथेच वाचवतात. कार्पेट असो की टोचणी, नऊ इंच खोल खणून विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, बांधकामाचा सगळा राडा बाहेर काढलाच पाहिजे. काळी माती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वर चार बोटं लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं. कच्चं शेणखत घालू नका, त्यातून हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) आणि तण दोन्ही येतं. घरापासून बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवा. मग पाणी मारून जमीन दोन-तीन आठवडे तशीच सोडा. उगवेल ते तण काढा, परत पाणी मारा, परत काढा.

हे एवढं का सांगतोय तर लव्हाळ्यामुळे. लव्हाळा वरून साधी गवताची पात दिसते, उपटली की तुटून हातात येते आणि आपल्याला वाटतं निघाला, पण खाली वीतभर खोलवर हरभऱ्याएवढी काळी गाठ राहते, तिला दोऱ्यासारखं मूळ, त्याला पुढे दुसरी गाठ, आणि पुढच्या पाण्याला त्या सगळ्या फुटतात. माझ्या कार्पेटमध्ये तर तो नर्सरीच्या मातीतूनच आला. तुकडे उतरवताना एकही उलटा करून बघितला नाही, महिन्याभरात पुढच्या अंगणात जागोजागी चकचकीत पोपटी पाती उभ्या राहिल्या आणि वर्षभर खुरपं घेऊन बसावं लागलं. म्हणून गाडी रिकामी व्हायच्या आधी दहा-बारा तुकडे उलटे करा, माती चुरून बघा, गाठ दिसली तर माल परत पाठवा. टोचणीत सुट्या काड्या धुवून लावता येतात त्यामुळे हा धोका बराच कमी, आणि मला विचाराल तर टोचणीचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

मेक्सिकन की हरळी? मेक्सिकन दाट, पायाला गादीसारखी, वाढ हळू त्यामुळे कापायचं काम कमी, थोडी सावली चालते. पण कापायचा कंटाळा केला की तिचे उंचवटे होतात आणि मग मशीन फिरवलं की खालचा वाळका भाग उघडा पडतो. टोचली तर झाकायला चार-सहा महिने धरा. हरळी म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वाच, पावसाळ्यात दीड-दोन महिन्यात जमीन भरते, मुलं क्रिकेट खेळली तरी परत उठते, पाण्याचा ताण सोसते. फक्त ऊन भरपूर पाहिजे आणि ती जागेवर थांबत नाही. शेतकरी जिच्यामागे आयुष्यभर कुदळ घेऊन असतो तीच ही, फुलझाडांच्या वाफ्यात शिरली की निघत नाही, तेव्हा कडेला सहा इंच खोल विटा किंवा फरशी गाडा. आंब्याखाली यातलं काहीच नीट येत नाही, तिथे सरळ खडी टाका. प्लॅस्टिकच्या लॉनबद्दल एवढंच, एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून बघा.

पाण्याचा हिशोब दोन्ही गवतांना सारखाच. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, तर ५०० फुटांवर रोज ५ मिलिमीटर द्यायचं म्हटलं की २३० लिटरच्या आसपास लागतं. टँकरवर जगणारी सोसायटी असेल तर हा आकडा आधी बघा, लॉन १०० फुटांचंच करा पण ते हिरवं ठेवा. पहिले १५ दिवस कार्पेटखालची माती ओली राहिली पाहिजे, वरची पानं भिजून उपयोग नाही. तुकड्याचा कोपरा हळूच उचलून बघा, माझ्याकडे बाराव्या दिवशी खालून पांढऱ्या बारीक मुळ्या मातीत घुसलेल्या दिसल्या आणि उचलताना तुकडा ओढ द्यायला लागला. ते झालं की पाण्याच्या वेळा कमी करा पण दिलं की भरपूर द्या, आणि शक्यतो सकाळी, रात्रभर ओलं राहिलं की बुरशी येते.

पहिली कापणी मुळं धरल्यावरच, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. युरिया महिना-सव्वा महिन्यानंतर, ५०० फुटांना अर्धा किलो, वाळूत मिसळून कोरड्या पानांवर फेकायचा आणि लगेच पाणी, नाहीतर जळाल्याचे डाग पडतात. पावसाळ्यात साळुंक्या आणि कावळे एकाच जागी उकरायला लागले आणि तिथलं गवत चटईसारखं उचलून आलं तर खाली हुमणी आहे, मुळं खाल्लेली असतात.

वेळ बघून ठरवा. टोचणी करायची तर जून-जुलैमध्ये, दोन-चार पाऊस होऊन वाफसा आला की, म्हणजे माती ओली पण चिखल नाही अशी झाली की. डिसेंबर-जानेवारीत इकडे थंडीत गवत हलतच नाही, तेव्हा लावून पैसे अडकवू नका. कार्पेट बारा महिने टाकता येतं पण मे महिन्यात टाकलं तर दिवसातून तीनदा पाणी मारणारा माणूस घरात हवा. उतार असेल, पावसात माती वाहून जात असेल किंवा वास्तुशांतीची तारीख ठरलेली असेल तर कार्पेटच घ्या, माती बघून घ्या. सपाट जागा, हाताशी वेळ आणि समोर पावसाळा असेल तर टोचा. माझी मागची बाजू दिवाळीला अजून टक्कल पडल्यासारखी दिसत होती, पण पुढच्या पावसाळ्यात भरली ती पुढच्या अंगणापेक्षा एकसारखी, आणि तिच्यात लव्हाळा जवळपास नाहीच.