हातात एक्क्यांची जोडी: लगेच रेझ की दबा धरून कॉल?

टेक्सास होल्डएम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते येतात; त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. म्हणूनच ती आली की जीव खाली-वर होतो. आता रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली, आणि सगळे फोल्ड झाले, म्हणजे पत्ते टाकून बाहेर पडले, तर? त्यापेक्षा नुसता कॉल करून, म्हणजे चालू पैजेइतकेच पैसे घालून, सगळ्यांना आत येऊ द्यावं आणि मग गाठावं, असा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: काही मोजके प्रसंग सोडले तर रेझच करा.

कारण गर्दीत आहे. समोर एकच जण असेल आणि त्याच्याकडे कुठलेही पत्ते असतील, तर एक्क्यांची जोडी सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. चार जण असतील तर हाच आकडा ५६ च्या आसपास येतो. आठ जण असतील तर ३५ पर्यंत घसरतो.

समजा ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने घालायच्या रकमा, अर्धा आणि एक आहेत. तुम्ही एकचा कॉल केलात, मागचे दोघे तसेच आले, दोन्ही ब्लाइंडवालेही राहिले. माणसं पाच, पॉट (मधे जमलेली रक्कम) ५ चा. त्यातला तुमचा सरासरी वाटा २.८, घातलेला १ वजा केला तर हाती १.८. आता तेच पत्ते घेऊन ३ वर रेझ करा. एकाने कॉल केला, बाकीचे गेले, पॉट साडेसात. तो बरे पत्ते घेऊनच आला असणार, म्हणून तुमचं पारडं ८० टक्केच धरू. वाटा ६, घातलेले ३ वजा, उरले ३.

हे झालं फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या, आधीचं गणित. खरा त्रास पुढे होतो. फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी, छक्की उघडली की पहिल्या वाटेने गेलेला खेळाडू कोड्यात पडतो. बिग ब्लाइंडने (मोठा ब्लाइंड घालणाऱ्याने) फुकटात फ्लॉप पाहिलाय. त्याच्याकडे दश्शी-सत्ती असेल, नव्वी-छक्की असेल, काहीच नसेल. त्याने मोठी बेट लावली तर तुमच्याकडे उत्तर नाही. आधी रेझ झालं असतं तर असले पत्ते बहुतेक वेळा तिथेच गळाले असते, आणि जो उरला त्याच्या हाताचा, म्हणजे पत्त्यांचा, अंदाज तरी बांधता आला असता.

दबा धरणं फायद्याचं कधी? तुमच्यानंतर एखादा असा खेळाडू बसला असेल, जो कुणीही नुसता कॉल केला की हमखास रेझ करतो. त्याला रेझ करू द्या आणि मग वरून पुन्हा रेझ करा. दुसरा प्रसंग म्हणजे टूर्नामेंटमध्ये दोघंच उरलेत आणि समोरचा प्रत्येक पॉटवर तुटून पडतोय. पण एक्के आल्यावरच कॉल आणि एरवी नेहमी रेझ, असं करू नका. चार डोळस खेळाडूंना ते लगेच कळतं.

आधीच कुणी रेझ केलं असेल तर प्रश्न थोडा बदलतो. तुमच्यामागे फारसं कुणी उरलं नसेल, तर कॉल करून हात लपवणं चालतं. तरी मी बहुधा त्याच्या रेझच्या तिप्पट रेझ करते, कारण राजांची, राणींची जोडी घेऊन बसलेला माणूस तेव्हाच सगळ्यात जास्त पैसे घालायला तयार असतो. फ्लॉपवर एक्का पडला की राजांची जोडीवाला गप्प होतो.

राजांच्या जोडीला हाच नियम अधिक जोरात लागू. ती हातात असताना साधारण २३ टक्के फ्लॉपवर निदान एक एक्का येतो, आणि स्वस्तात आलेल्यांपैकी कुणाकडे तरी एक्का असण्याचा धोका मोठा. गुलामांच्या जोडीवर तर निम्म्याहून जास्त फ्लॉपमध्ये वरचं पान उघडतं. तिला लपवण्यात काहीच हशील नाही.

एक्का-राजा मात्र वेगळा. ती अजून जोडी नाही. तीनपैकी जवळपास दोन फ्लॉपमध्ये ती जुळतच नाही. तिचं बळ समोरच्याला फोल्ड करायला लावण्यात आहे, आणि नुसता कॉल केला की तेच हातचं जातं. शिवाय हे दोन पत्ते तुमच्याकडे असले की समोर एक्क्यांची किंवा राजांची जोडी असण्याच्या सहा-सहा शक्यतांच्या तीन-तीनच उरतात, म्हणून रेझ आणखी निर्धास्तपणे करता येतं.

रेझ किती? साधारण अडीच ते तीन बिग ब्लाइंड, आणि आधी जितक्यांनी नुसता कॉल केलाय तितके ब्लाइंड वर. आणि चांगल्या-साधारण सगळ्याच हातांना तेवढंच.