७२ हजारांत पुणे ते लीड्स, आणि फेलिक्स्टो बंदरात अडकलेली २२ खोकी

पुण्याहून इंग्लंडला घरसामान हलवायचं म्हणून आम्ही तीन कोटेशनं मागवली. दोन सव्वा ते दीड लाखाच्या घरातली होती. तिसरं ७२ हजारांचं. तीन घनमीटर सामान कोथरूडच्या घरातून उचलायचं आणि लीड्सच्या घरात आणून द्यायचं, "सगळं धरून". सध्या इकडे इंग्लंडला यायच्या तयारीत असलेल्या कुणाच्या हातात असं कोटेशन पडलं असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

आधी हे ७२ हजार कसे परवडतात ते सांगते. आम्हाला ते बऱ्याच उशिरा, बंदरातून माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. अख्खा कंटेनर भरण्याइतकं सामान नसलं की ते इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जातं. याला एलसीएल म्हणतात आणि भाडं घनमीटरवर लागतं. यात भारतातला एजंट समुद्राचं भाडं नाममात्र दाखवू शकतो, कारण कित्येकदा इंग्लंडमधला एजंटच त्याला माल पाठवल्याबद्दल उलट पैसे देतो. मग ती भरपाई कोण करणार? माल सोडवायला येणारा, म्हणजे तुम्ही. टर्मिनल हँडलिंग म्हणजे बंदरातल्या हाताळणीचं, गोदामात कंटेनर रिकामा करण्याचं, कागदपत्रांचं, माल ताब्यात द्यायच्या डिलिव्हरी ऑर्डरचं, असं प्रत्येकाचं वेगळं बिल, आणि तेही पौंडांत. तोवर सामान त्यांच्या ताब्यात असतं, त्यामुळे घासाघीस करायला तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

७२ हजारांचं कोटेशन देणारा आमचा माणूस बोलायला गोड. "ताई, तुमचं काम म्हणजे घरचं काम." कार्डावर ठळक अक्षरात "आयबीए मान्यताप्राप्त". ही इंडियन बँक्स असोसिएशनची यादी देशातल्या मालवाहतूकदारांची असते. परदेशी माल पाठवण्याशी तिचा काही संबंध नाही. त्यासाठी विचारायचं ते डीजी शिपिंगकडचं, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाकडचं, मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटरचं (रस्ता, समुद्र अशा एकाहून जास्त मार्गांनी माल नेणाऱ्याचं) रजिस्ट्रेशन, १९९३ च्या कायद्याखालचं. ते तरी स्वतःचं आहे का, की दुसऱ्याच कुणाच्या नावावर माल जाणार आहे, हेही विचारावं.

व्हॉट्सॲपवर तो कायम "डोअर टू डोअर" लिहायचा. पॅकिंगच्या आदल्या रात्री साडेदहाला रीतसर कोटेशनची पीडीएफ आली. दुसऱ्या पानाच्या तळाशी, विम्याच्या अटींखाली, एक ओळ होती: डेस्टिनेशन चार्जेस ॲट ॲक्च्युअल. म्हणजे माल पोचल्यावरचा खर्च जेवढा येईल तेवढा आपला. फोन केला तर म्हणाला, "ताई, ती सगळ्यांच्याच फॉरमॅटमध्ये असते, तुम्हाला नाही लागणार." सकाळी आठला टेम्पो दारात उभा.

आता मोजायच्या टेपची गोष्ट, कारण खरी गंमत तिथे आहे. खोकी १८ × १८ × २४ इंचांची, म्हणजे साडेचार घनफूट. अशी २२ खोकी झाली, ९९ घनफूट, २.८ घनमीटर. तीनच्या आत. पॅकिंगला आलेल्या पोराने मात्र टेप लावला तो खोक्याच्या फुगलेल्या पोटावरून, आणि प्रत्येक बाजूला इंचभर जास्त लिहीत गेला. १९ × १९ × २५. बघायला गेलं तर एकेक इंच, पण तेच खोकं सव्वापाच घनफुटांचं होतं आणि २२ खोक्यांचे सव्वातीन घनमीटर. मी तिथेच हटकलं, त्याने आकडे खोडले आणि बरोबर लिहिले. पण त्या कागदाला पुढे कुणी विचारलंच नाही. न्हावाशेव्याजवळच्या गोदामात खोकी माल ठेवायच्या तीन लाकडी पॅलेटवर रचून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि पॅलेटसकट बाहेरून मोजली. झाले ३.९. बिल चारचं. "वरचे २४ हजार आज भरा, नाहीतर या आठवड्याचं जहाज चुकेल." माल त्यांच्या गोदामात, आमचं विमान तोंडावर. भरले.

मोजमाप खोक्यांचं की पॅलेटचं, हे पॅकिंगच्या आधी लेखी घ्या. पॅलेटच लागणार असेल तर लाकडावर आयएसपीएम १५ चा (कीड मारायची प्रक्रिया केलेल्या लाकडाचा) गव्हाच्या लोंबीचा शिक्का बघा. तो असेल तर फ्युमिगेशनचे, म्हणजे धुरी द्यायचे, वेगळे पैसे कशाला?

पावती आली ती वेगळ्याच फर्मच्या नावाची, आणि पैसे गेले होते तिसऱ्याच नावाच्या खात्यात. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, दिसायला ठीक. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला तर रद्द झालेला. फुकटात होणारी दोन मिनिटांची तपासणी आहे ही, तुम्ही पैसे भरण्याआधी करा.

मग सुरू झाला "जहाज कुठे आहे" हा खेळ. २०२३ च्या अखेरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, त्यात दीडेक आठवडा जास्त जातो. हे खरंच आहे, म्हणून ते सबब म्हणून छान चालतं. कंटेनर नंबर मागितला. पुष्कळ मागे लागल्यावर मिळाला, चार अक्षरं आणि सहा आकडे. कंटेनर नंबरात अक्षरं चार असतात, चौथं अक्षर बहुतेक यू, आणि पुढे आकडे सात. तो नंबर कुठल्याच शिपिंग लाइनच्या साइटवर चालेना. आमच्याकडे होतं ते हाउस बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल घेतल्याची एजंटने स्वतः काढलेली पावती. जहाज कंपनीला तो नंबर माहीतच नसतो. तिच्याकडे चालतं तिने स्वतः दिलेलं मास्टर बिल किंवा खरा कंटेनर नंबर. खरा नंबर आला तेव्हा कळलं, आमची खोकी "या आठवड्याच्या" जहाजावर चढलीच नव्हती.

फेलिक्स्टोला माल उतरल्यावर तिथल्या एजंटची ईमेल आली. डोअर डिलिव्हरीचा पत्ताच नाही, त्यांच्या कागदावर आमचं भाडं फक्त फेलिक्स्टोच्या गोदामापर्यंतचं. वर लीड्सपर्यंतची गाडी आमची आम्ही करायची. आणि ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सचा नंबर कुठे आहे?

इथे मला खरा संताप आला. ब्रिटनमध्ये राहायला येणाऱ्याला वापरातलं घरसामान ड्युटी आणि व्हॅट न भरता आणता येतं. आधीचे सलग १२ महिने तुम्ही ब्रिटनबाहेर राहिलेले असावेत आणि वस्तू किमान सहा महिने तुमच्या वापरात असाव्यात. त्यासाठी एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, अर्ज करून हा नंबर घ्यायचा असतो. अर्ज ऑनलाइन, फी शून्य. आमच्या माणसाने या "फाइलिंग"चे साडेनऊ हजार घेतले होते आणि अर्ज केलाच नव्हता. नंबराशिवाय माल सोडवायचा तर २० टक्के व्हॅट. आम्ही अर्ज केला आणि वाट बघत बसलो. तोवर गोदामाचं भाडं रोज चढत होतं. पुण्याला फोन केला की, "मॅडम, तो तिकडचा विषय आहे, आमच्या हातात काही नाही."

फेलिक्स्टोच्या एजंटशी भांडण्यात अर्थ नव्हता, त्याचा करार आमच्याशी नव्हताच. पण प्रत्येक ओळीचा दर मागितल्यावर "ॲडमिन" नावाच्या दोन रकमा त्याने काढून टाकल्या. उरलेलं बिल, गोदामभाडं आणि लीड्सची गाडी मिळून ७८० पौंड. पुण्याला दिलेले धरले तर एक लाख नव्वद हजारांच्या आसपास, म्हणजे सगळ्यात महागड्या कोटेशनपेक्षाही जास्त. दोन खोकी चेपलेली होती. विमा "आहे" असं सांगितलं होतं, पॉलिसी कधी दिसली नाही. खरी पॉलिसी असली तरी वस्तूंची किंमतवार यादी मागतात, आणि स्वतः भरलेल्या खोक्यातल्या मोडतोडीचे पैसे सहसा देत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

कोटेशन सासऱ्यांच्या नावावर होतं आणि पैसेही त्यांच्याच खात्यातून गेले होते, म्हणून तक्रार त्यांनी केली. आधी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. व्हॉट्सॲपवरचं "डोअर टू डोअर", टेपचे आकडे आणि गोदामाचं बिल जोडलंय. समोरून अजून कुणी हजर झालेलं नाही.

स्वस्तात न्यायचंच असेल तर माझं मत असं, की दोन-तीन घनमीटरसाठी समुद्राच्या वाटेला जाऊच नये. विमानकंपनीची जादा बॅग घरबसल्या आधी घेतली तर विमानतळावरच्या दरापेक्षा बरीच स्वस्त पडते. विद्यार्थ्यांना काही कंपन्या जास्त वजन देतात, ते विचारा. त्यापलीकडचं सामान एअर कार्गोने पाठवा, पण तिथे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ६००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. म्हणजे पुस्तकं परवडतात, गाद्या-उशा नाही. तूप कशातच घालू नका, भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणायला इथे बंदी आहे. मिक्सर आणा, वीज दोन्हीकडे २३० व्होल्टच, फक्त प्लग बदलावा लागतो. कुकरचं मात्र घरमालकाला आधी विचारा. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर चालत नाही.