डोळ्यांतल्या बाहुल्या आणि रविवार सकाळची भुतं

'भुतांशी लढणारं पोर' एवढ्या वर्णनावर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, निवडायला गेलात तर फसाल. 'डार्क गॅदरिंग' (२०२३) आणि 'गेगेगे नो कितारो'ची २०१८ ची आवृत्ती, दोन्हींना ते वर्णन चपखल बसतं. पण जपानमध्ये पहिली मालिका रात्री उशिरा लागायची आणि दुसरी रविवारी सकाळी नऊला. अर्धा निकाल तिथेच लागतो.

'डार्क गॅदरिंग'मधली यायोई प्राथमिक शाळेत जाते. तिच्या डोळ्यांत दोन-दोन बाहुल्या आहेत, आणि खोलीभर कापडी बाहुल्या. डोळ्यांतल्या बाहुल्यांमुळे तिला भुतं दिसतात आणि खोलीतल्या बाहुल्यांमध्ये ती त्यांना कोंडून ठेवते. आपल्याकडे भगत भूत बाटलीत बंद करतो म्हणतात ना, तसंच. फरक इतकाच, की भगत ती बाटली कुठेतरी पुरून मोकळा होतो. यायोई मात्र पकडलेल्या भुतांना एकमेकांवर सोडते आणि उरेल त्या जबरदस्ताला पुढच्या शिकारीसाठी राखून ठेवते. अपघातात आईवडील गेले आणि आईचा आत्मा कुणीतरी नेला, त्याचा माग काढायचा म्हणून हा सगळा खटाटोप. मदतीला केइतारो, म्हणजे तिची शिकवणी घेणारा कॉलेजातला मुलगा. याच्याकडे भुतं आपणहून खेचली जातात. थोडक्यात, मास्तर हेच आमिष.

या मालिकेचं बलस्थान म्हणजे जागा. प्रत्येक मोहीम एखाद्या झपाटलेल्या ठिकाणी, आणि ठिकाणाचं नाव अर्धंच सांगायचं: 'जुना एफ बोगदा' वगैरे. जपानमधल्या खऱ्या बदनाम जागांची आठवण व्हावी म्हणून हा अर्धवटपणा. बोगद्याच्या भागात मी हेडफोन काढून दिवा लावला, हे कबूल करतो. कंटाळा येतो तो नियमांचा. शाप कुणाला लागतो, कुणावर ढकलता येतो, याची स्पष्टीकरणं ऐन भीतीच्या क्षणी सुरू होतात आणि अंगावर आलेला काटा तिथेच विरतो. शिवाय २५ भागांत गोष्ट संपत नाही. पुढचं मांगात, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेत, वाचावं लागतं. अर्धवट सुटलेली गोष्ट ज्यांना खपत नाही त्यांनी आधीच विचार करावा.

कितारोचं उलट आहे. तब्बल ९७ भाग, पण बहुतेक सुटे; मधूनच कुठलाही लावा. हा मुलगा स्वतःच भूतवंशातला शेवटचा. वडिलांचा फक्त एक डोळा उरलाय, आणि तोच हातपाय फुटून मुलाला सल्ले देत फिरतो. केसांचे बाण, उडत्या खडावा, पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट अशी याची हत्यारं. इथली योकाई, म्हणजे जपानी लोककथांतली भुतंखेतं, मेलेली माणसंच असतात असं नाही. कोकणातल्या राखणदाराशी त्यांचं जास्त जुळतं: आपली जागा, आपला मान सांभाळून असणारी, कुणी मोडतोड केली की चवताळणारी. पहिल्याच भागात एक यूट्यूबर दिसतो आणि टोकियोतल्या शिबुयाच्या गर्दीतली माणसं झाडं होऊ लागतात. भूत कोण आणि आगाऊ कोण, हे ही मालिका सतत विचारत राहते. पैशासाठी कुणालाही विकणारा नेझुमी-ओतोको तर प्रत्येक गावात एक असतोच.

मला स्वतःला विचाराल तर कितारो. कारण विसावा भाग. त्यात एका फुलाचा माग काढत गोष्ट दक्षिणेकडच्या बेटावर, दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांपाशी पोचते. कितारोचे चित्रकार शिगेरू मिझुकी त्याच युद्धात न्यू गिनीजवळच्या राबाउलकडे होते. बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. २०१५ साली ते वारले, म्हणजे हा भाग त्यांनी पाहिलाच नाही. भुतं यथातथाच आहेत त्यात, पण रात्री झोप उडाली ती बोगद्यामुळे नव्हे, या फुलामुळे.

तरीही मित्रांबरोबर शनिवारी रात्री दिवे मालवून बसायचं असेल तर कितारो लावू नका, लोक मोबाईल काढतील. तिथे यायोईच हवी. पहिले तीन भाग सलग बघा. तोवर पकड बसली नाही तर सोडून द्या.

आणि घरात आठ-दहा वर्षांचं कुणी असेल तर कितारोसुद्धा शेजारी बसून बघा. काही भाग चांगलेच भेदरवतात, आणि इंग्रजी सबटायटल्स वाचून तुम्हालाच सांगावी लागतील. यायोईचं मात्र नावच काढू नका. तिची खोली एकदा पाहिली, की पोरं आपल्या बाहुल्या पलंगाखाली ढकलतील. मग रात्री दोन वाजता पलंगाखाली वाकून बघायची पाळी तुमच्यावर.