डॉज रॅम २५०० साठी ऑटो मीटरचे तीन गेज: इंधनाचा दाब, एक्झॉस्टचे तापमान आणि बूस्ट

२००१ सालच्या डॉज रॅम २५०० या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे, चोवीस व्हॉल्व्हचे जे डिझेल इंजिन आहे, ते नीट राखले तर गाडीच्या पत्र्यापेक्षा जास्त टिकते. मात्र ज्या तीन गोष्टींवर त्याचे आयुष्य ठरते, त्यांपैकी एकही कारखान्यातून आलेल्या डॅशबोर्डवर दिसत नाही. तेथे पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब, बॅटरीचा व्होल्टेज आणि टाकीतले डिझेल एवढेच कळते. इंजेक्शन पंपापर्यंत पोहोचणाऱ्या डिझेलचा दाब, सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान आणि टर्बोने दाबून दिलेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, हे पाहायचे असेल तर वेगळे गेज बसवावे लागतात. कोलोरॅडोच्या डोंगरात ट्रेलर ओढणाऱ्या माझ्या गाडीत मी इलिनॉय राज्यातील सिकमोर येथील ऑटो मीटर या कंपनीच्या फँटम मालिकेतील, पांढऱ्या तबकडीचे असे तीन गेज बसवले असून त्यांच्याविषयी आणि विशेषतः त्यांच्या बसवणीविषयी येथे लिहीत आहे. कमिन्स हे नाव पुणेकरांना कोथरूडच्या कारखान्यामुळे १९६२ पासून परिचित आहे. त्याच घराण्यातले हे अमेरिकी पिकअपचे इंजिन.

या तिघांत सर्वांत महत्त्वाचे गेज कोणते, असे विचारले तर माझे उत्तर इंधनाच्या दाबाचे, असे आहे. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या या इंजिनांवर बॉशचा व्हीपी-४४ हा इंजेक्शन पंप असतो. त्याला लागणारे वंगण आणि थंडावा हे दोन्ही त्यातून वाहणाऱ्या डिझेलमधूनच मिळतात. पंपात येणाऱ्या डिझेलचा मोठा भाग जळत नाही, तो पंपाची उष्णता घेऊन टाकीत परत जातो. हे डिझेल पुरवण्याचे काम इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला एक छोटा विजेवरचा लिफ्ट पंप करतो आणि तोच या गाडीचा सर्वांत कच्चा दुवा आहे. लिफ्ट पंप निकामी झाला तरी व्हीपी-४४ स्वतःच्या जोरावर टाकीतून डिझेल ओढत राहतो, त्यामुळे गाडी बंद पडत नाही आणि चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. कळते तेव्हा संगणकात पी-०२१६ हा कोड आलेला असतो आणि हजार डॉलरहून अधिक किमतीचा इंजेक्शन पंप बदलण्यावाचून मार्ग उरलेला नसतो. पूर्ण भारावरही दाब १० पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) खाली जाऊ नये, हा या गाड्या बाळगणाऱ्यांमधला सर्वमान्य दंडक आहे. तो पाळायचा तर दाब डोळ्यांसमोर हवा.

या कामासाठी मी विजेवर चालणारे, ३० पीएसआयपर्यंतचे गेज निवडले. यांत्रिक गेज घेतले तर डिझेलची नळी थेट चालकाच्या पुढ्यात येते, आणि ते टाळण्यासाठी मध्ये आयसोलेटर, म्हणजे डिझेल आत न येऊ देता फक्त दाब पुढे पोहोचवणारे साधन, बसवावा लागतो. विजेच्या गेजमध्ये सेन्सर इंजिनाजवळ राहतो आणि आत फक्त तारा येतात. काटा जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरत असल्याने दोन-तीन पीएसआयचा फरकही रस्त्यावरून नजर फारशी न हटवता ओळखता येतो. दाब कोठून घ्यायचा, हे मात्र विचारपूर्वक ठरवावे. फिल्टरच्या आधी घेतलेला दाब चांगला दिसतो, पण तुंबलेल्या फिल्टरची वार्ता तो देत नाही. म्हणून मी तो फिल्टरनंतर, व्हीपी-४४ च्या तोंडाशी, आटे पाडलेला बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोकळीतून डिझेल वाहते असा बोल्ट, लावून घेतला. सेन्सर थेट त्या बोल्टवर कसू नये. तेथील दाब सतत ठोके देत असतो आणि त्या ठोक्यांनी सेन्सरचा पडदा काही काळातच फाटतो, मग सेन्सर कोणत्याही कंपनीचा असो. ग्रीस गनला असते तशी एक जाड नळी घेऊन सेन्सर बाजूला, हलणार नाही असा बसवावा, मध्ये नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे वाट हवी तेवढी बारीक करणारी छोटी तोटी, ठेवावा आणि काटा स्थिर होईपर्यंत तो बंद करत न्यावा. संचासोबत आलेल्या कागदात या नळीचा उल्लेख असो वा नसो, ती घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

एक्झॉस्टच्या तापमानाचे गेज, ज्याला पायरोमीटर म्हणतात, ते १६०० अंश फॅरनहाइटपर्यंत मोजते. त्याचा थर्मोकपल, म्हणजे उष्णतेप्रमाणे वीज देणारा प्रोब, के प्रकारचा, म्हणजे क्रोमेल आणि अॅल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारांचा असतो आणि दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतकी सूक्ष्म वीज देतो. म्हणूनच त्याची तार लांब वाटली तरी कापू नये आणि कमी पडली तरी साधी तांब्याची तार जोडू नये. दोन्हींमुळे आकडा खोटा होण्याचा संभव असतो. जास्तीची तार डॅशबोर्डखाली गुंडाळून बांधावी. थर्मोकपल टर्बोच्या आधी लावावा की नंतर, यावर पुष्कळ वाद होतात. टर्बोनंतर लावणे सोपे असते, परंतु तेथील तापमान कमी असते आणि किती कमी, हे भाराप्रमाणे बदलते. जोराच्या चढणीवर हा फरक २००-३०० अंशांच्याही पुढे जातो. अॅल्युमिनियमच्या पिस्टनला धोका आहे की नाही, हे टर्बोच्या आधीचाच आकडा सांगतो. टोक तुटून टर्बोत जाईल, ही भीती चांगल्या पोलादी आवरणाच्या प्रोबबाबत मला अनाठायी वाटते.

त्यासाठी बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला वायू टर्बोपर्यंत नेणाऱ्या भागाला, भोक पाडून १/८ इंची एनपीटी (अमेरिकी मापाचे निमुळते) आटे पाडावे लागतात, आणि संपूर्ण कामात हात सावकाश चालवण्याची जागा हीच आहे. या मॅनिफोल्डमध्ये पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांचे मार्ग टर्बोपर्यंत वेगळे असतात. मधल्या भिंतीवर भोक येणार नाही, अशी जागा आधी पंचाने खूण करून घ्यावी. प्रथम बारीक बिट, मग मोठा. बिटाला आणि टॅपला भरपूर ग्रीस लावावे, म्हणजे बिडाचा कीस त्याला चिकटून बाहेर येतो. तो पुन्हापुन्हा पुसून नवे ग्रीस लावावे आणि शेवटी चुंबक फिरवावे. ज्यांना तरीही धास्ती वाटते त्यांनी टर्बो उतरवून काम करावे, त्यात कमीपणा काही नाही. आटे निमुळते असल्यामुळे टॅप फार खोल नेला तर फिटिंग घट्ट बसत नाही, हे लक्षात ठेवावे.

बूस्टचे गेज यांत्रिक, ३५ पीएसआयपर्यंतचे आहे आणि त्याच्या बसवणीत सांगण्यासारखे फार नाही. सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधून निघालेली बारीक नायलॉनची नळी आत आणायची, तिच्यात हवाच असल्याने ती आत आली तरी धोका नाही. नळी एक्झॉस्टपासून दूर ठेवावी.

तिन्ही गेज खिडकीशेजारच्या खांबावर लावण्यासाठी घेतलेली प्लास्टिकची चौकट दुसऱ्या एका विक्रेत्याची होती आणि तिने निराशा केली. प्लास्टिक पातळ, रंग आतल्या अस्तराशी न जुळणारा, आणि कडा घासल्याशिवाय ती जागेवर बसेना. गेजवर जेवढा खर्च केला त्याला साजेशी चौकट घ्यावी. ज्यांच्या गाड्या नव्या आहेत आणि ज्यांच्या या खांबातून पडदा-एअरबॅग जाते, त्यांनी तेथे काहीच बसवू नये; डॅशबोर्डवरची चौकट त्यांच्यासाठी योग्य.

या गेजांचे खरे मोल आय-७० महामार्गावर डेन्व्हरहून पश्चिमेला, ११,००० फुटांहून उंच असलेल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना समजते. ट्रेलर मागे असताना, हवा विरळ होत जाते तसे तेवढ्याच डिझेलला हवा कमी पडते आणि पायरोमीटरचा काटा वर सरकू लागतो. १२५० अंश ही दीर्घकाळ ओढण्याची मर्यादा बहुतेक जण मानतात. काटा तेथे पोहोचण्याआधी एक गिअर खाली आणून पाय थोडा सैल केला की इंजिनाचे फेरे वाढतात, हवा अधिक मिळते आणि तापमान उतरते. तिन्ही काटे एकत्र वाचता येऊ लागले की निदानही होते. त्याच चढणीवर बूस्ट नेहमीपेक्षा कमी आणि तापमान नेहमीपेक्षा जास्त दिसले, तर टर्बो आणि इनटेक यांच्यामधल्या एखाद्या रबरी होजचा क्लॅम्प सुटला असण्याची शक्यता प्रथम तपासावी. इंधनाचा दाब मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि चढणीवर घसरत असेल, तर आधी फिल्टर बदलावा आणि मग लिफ्ट पंपाकडे पाहावे. उतरून इंजिन बंद करण्यापूर्वी तापमान ३०० अंशांच्या आसपास येईपर्यंत ते संथ चालू ठेवले, तर टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल जळून चिकटत नाही.

२००७ च्या मध्यानंतरच्या ६.७ लिटरच्या गाड्यांमध्ये एक्झॉस्टचे सेन्सर कारखान्यातूनच येतात आणि त्यांचे आकडे ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या तपासणीसाठीच्या, सॉकेटला जोडलेल्या एका पडद्यावर वाचता येतात. त्या गाडीच्या मालकांनी मॅनिफोल्डला भोक पाडू नये आणि या संचावर पैसेही घालू नयेत. व्हीपी-४४ असलेल्या गाडीला मात्र ती सोय नाही. तिन्ही गेज एकदम घेणे परवडत नसेल, तर पहिल्यांदा इंधनाच्या दाबाचे घ्यावे, ट्रेलर ओढायचा असेल तर त्यानंतर पायरोमीटर, आणि बूस्टचे गेज सवडीने घेतले तरी चालेल.