लोअर केलेल्या गाडीच्या अलाइनमेंटसाठी काय घ्यावे: बोल्ट, प्लेट की आर्म?

गाडी लोअर केल्यावर, म्हणजे आखूड स्प्रिंग वगैरे घालून खाली आणल्यावर, टायर आतल्या कडेने झिजायला लागले की सगळा दोष कॅम्बरवर (समोरून पाहता चाक आत-बाहेर कललेले असणे) जातो आणि पहिली खरेदी कॅम्बर किटची होते. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार टो असतो, म्हणजे वरून पाहता चाकाचे तोंड सरळ नसून आत किंवा बाहेर वळलेले असणे. दीड-दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर (वरचा भाग आत कललेला) असलेले चाक टो शून्याजवळ असेल तर टायर बऱ्यापैकी टिकवते, आतली कड थोडी आधी जाते एवढेच. टो बिघडला असेल तर मात्र चाक सरळ लोळत नाही, घासत जाते. एका चाकाचा टो अर्धा अंश असेल तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे ९ मीटर आडवे ओढले जाते. त्यातच निगेटिव्ह कॅम्बरमुळे वजन आतल्या कडेवर, म्हणजे ती कड साफ. म्हणून पैसे आधी टो जागेवर आणणाऱ्या पार्टवर घाला. कॅम्बरचा पार्ट गरज दिसली तरच घ्या.

ती गरज अलाइनमेंट मशीनच्या प्रिंटआउटवर दिसते. नव्या स्प्रिंगवर गाडी काही दिवस चालवा, ती बसू द्या. मग टायरमध्ये ठरलेली हवा भरून चारही चाकांचे रीडिंग घ्या आणि कंपनीची ॲडजस्टमेंट शेवटपर्यंत फिरवून काय मिळते ते पाहा. २५-३० मिमी खाली आलेल्या बऱ्याच गाड्यांचे काम नुसता टो सेट करून भागते, मग कशाला काही विकत घ्यायचे? रीडिंग वाचताना एक चूक हमखास होते. १°३०' म्हणजे १.३ नव्हे, १.५ अंश. काही मशीन मिनिटांत आकडे देतात, काही दशांशात. पार्टची रेंज आणि प्रिंटआउट एकाच मापात आणल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पुढे स्ट्रट असेल तर: बोल्ट की प्लेट

मॅकफर्सन स्ट्रटची (चाकाला वरून धरणारा स्प्रिंग-शॉकचा उभा खांब) गंमत अशी की गाडी खाली येताना सुरुवातीला कॅम्बर थोडा निगेटिव्ह होतो, पण लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आडवा होऊन बाहेरच्या टोकाला वर झुकू लागला की तो वाढणे थांबते आणि पुढे उलटा कमी होऊ लागतो. त्यामुळे पुढे कॅम्बर कमी करायला पार्ट घेणारे थोडेच. बहुतेकांना तो वाढवायचा असतो, नाहीतर डावी-उजवी बाजू सारखी करायची असते.

कॅम्बर बोल्ट नकल (चाकाचा हब धरणारा तुकडा) आणि स्ट्रट जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी बसतो. मधला भाग बारीक आणि त्यावर एका बाजूला फुगवटा. बोल्ट फिरवला की नकल कलते. साधारण एक ते पावणेदोन अंशांपर्यंत फरक मिळतो. स्वस्त आहे, अर्ध्या तासात बसतो, आवाज वाढत नाही. पण बारीक बोल्टला मूळ बोल्टइतका टॉर्क देता येत नाही, म्हणून पकडही कमी. खड्ड्यात जोरात आपटल्यावर तो सरकू शकतो. किटसोबतच्या कागदावरचा टॉर्कच द्या आणि बोल्ट वरच्या भोकात की खालच्या, हेही तिथेच पाहा. दोन्ही जागी कॅम्बर बोल्ट घालून रेंज दुप्पट करण्याचा मोह होतो. रोज वापरायच्या गाडीत तो टाळलेला बरा, कारण पूर्ण पकडीचा एकही बोल्ट उरत नाही.

दुसरी अडचण फारसे कोणी सांगत नाही. बोल्टने निगेटिव्ह कॅम्बर वाढवला की टायरचा वरचा भाग स्ट्रटच्या नळीकडे येतो. रुंद टायर किंवा आत घुसणारे रिम असेल तर तिथे बोटभरही जागा उरत नाही.

प्लेटमध्ये ही अडचण नाही. ती स्ट्रटचे वरचे टोकच आत-बाहेर सरकवते, चाक आणि स्ट्रट एकत्र कलतात, मधले अंतर तेवढेच राहते. वरचे टोक १० मिमी आत घेतले तर साधारण एक अंश कॅम्बर मिळतो, आणि काही प्लेटमध्ये कॅस्टरचीही (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) खाच असते. मर्यादा असते ती टॉवरच्या, म्हणजे बॉडीतल्या स्ट्रटच्या वरच्या आधाराच्या, भोकाची. भोक लहान असेल तर प्लेटवर कितीही लांब खाच असो, स्प्रिंगची वरची सीट किंवा रॉडचा नट पत्र्याला टेकतो. बेअरिंग उघडे असेल तर धूळ-पाणी शिरते आणि काही काळाने स्टिअरिंग फिरवताना टकटक सुरू होते. रबर असलेली प्लेट जास्त शांत असते. प्लेटच्या जाडीमुळे गाडीची उंचीही काही मिमी बदलू शकते, तेव्हा प्लेट बसवल्यावर उंची पुन्हा मोजा.

एक अंशापर्यंत सुधारणा हवी असेल आणि टायर-स्ट्रटमध्ये जागा असेल तर बोल्ट पुरे. प्लेट घ्यायची ती कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉक) असलेल्या, ट्रॅकवर जाणाऱ्या किंवा रुंद रिमच्या गाडीला.

पुढे डबल विशबोन (चाकाला वर-खाली दोन आर्म) असेल तर प्रश्न सोपा आहे: ॲडजस्टेबल अप्पर आर्म, नाहीतर बदलता येणारा अप्पर बॉल जॉइंट. तिथे कॅम्बर बहुधा कमी करायचाच असतो.

मागे मल्टिलिंक असेल तर

खरी डोकेदुखी इथे. मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक आर्म) गाडी खाली आली की मागचा निगेटिव्ह कॅम्बर भराभर वाढतो आणि टोही हलतो. ॲडजस्टेबल आर्म घेताना अप्पर घ्यायचा की लोअर, हे आधी ठरवा. कॅम्बर दोन्हींनी कमी होतो, पण चाक वेगवेगळ्या दिशेला जाते. अप्पर आर्म लांब केला की चाकाचा वरचा भाग बाहेर ढकलला जातो आणि टायर फेंडरच्या कडेला लागण्याची शक्यता वाढते. लोअर आर्म आखूड केला की खालचा भाग आत येतो, फेंडरची जागा वाचते, पण आतल्या बाजूची कमी होते. रिमचा ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते) माहीत असेल तर उत्तर आपोआप मिळते.

लोअर आर्म घेणाऱ्यांनी त्याची किमान लांबी विचारून घ्यावी. काही आर्म सगळ्यात आखूड केल्यावरही मूळ आर्मएवढेच किंवा किंचित लांब भरतात, म्हणजे ते कॅम्बर फक्त वाढवू शकतात. लोअर केलेल्या गाडीला त्यांचा उपयोग शून्य. काही गाड्यांत मागची स्प्रिंग लोअर आर्मवरच बसते. तिथे आर्म सगळे वजन पेलतो, त्यामुळे पातळ नळीचा हलका आर्म घेऊन चालणार नाही.

आर्मच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे असतील तर तो गाडीवर बसवलेला असतानाच फिरवता येतो. दीड मिमी पिचच्या (दोन आट्यांमधले अंतर) आट्यांवर मधल्या भागाचा एक फेरा म्हणजे ३ मिमी. वरच्या-खालच्या आर्ममध्ये २५० मिमी अंतर असेल तर कॅम्बरमध्ये सुमारे ०.७ अंशाचा फरक. एकाच टोकाला आटे असलेला आर्म दर वेळी सोडवावा लागतो. स्वस्त मिळतो खरा, पण अलाइनमेंटवाला दुसऱ्यांदा हात लावायला तयार होत नाही. आट्यांचा आत गेलेला भाग व्यासाच्या किमान दीडपट हवा. १४ मिमीच्या आट्याला २१ मिमी.

कॅम्बर आर्म घेतला आणि टो आर्म (टो ठरवणारा आर्म) मूळचाच ठेवला, तर कॅम्बर दुरुस्त करताना टो रेंजबाहेर जाऊ शकतो. बजेट एकाच जोडीचे असेल आणि कॅम्बर दोन अंशांच्या आसपास असेल, तर आधी टो आर्म घ्या.

मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाके जोडणारा एकच आडवा बीम) असलेल्यांना आर्मचा प्रश्नच नाही. हब आणि बीममध्ये पाचरीसारखी शिम (पातळ चकती) घालून कॅम्बर-टो बदलता येतात. हबचे बोल्ट शिमच्या जाडीइतके कमी आत जातात, तेवढे पाहून घ्या.

बुश कोणते

बुश म्हणजे आर्मच्या टोकातली जोडणी. रबर शांत आणि टिकाऊ, पण दाबाखाली थोडे हलते. पॉलियुरेथेन घट्ट, मात्र ग्रीस नसेल तर किरकिरते. गोल बेअरिंगचे टोक, म्हणजे रोज जॉइंट, अजिबात दबत नाही, म्हणून आकडा जिथे लावला तिथेच राहतो. त्याबदल्यात रस्त्याचा आवाज आत येतो आणि बेअरिंगला प्ले आला की खडखड. रोजच्या गाडीला रबर नाहीतर पॉली. रोज जॉइंट घ्यायचाच असेल तर फक्त टो आर्मला.

रबर बुशचा बोल्ट चाके लटकलेली असताना कधीही पक्का कसू नये. गाडीचे वजन चाकांवर आल्यावर कसायचा, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. लोअर केल्यावर जुने बुशही पिळलेलेच असतात. ते सैल करून नव्या उंचीवर पुन्हा कसले नाहीत तर नवे आर्म बसवूनही गाडीची उंची इकडेतिकडे होत राहते.

टो सेट असूनही खड्ड्यावर गाडी इकडेतिकडे जाते?

तो बंप स्टिअर. टाय रॉड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) आणि लोअर आर्म आता वेगवेगळ्या कोनात आहेत, म्हणून चाक वर-खाली होताना टो बदलतो. कॅम्बर किटने हे सुटत नाही. टाय रॉड एंडची उंची बदलणारे किट लागते. लोअर आर्म बाहेरच्या बाजूला वर झुकला असेल तर लांब पिनचे बॉल जॉइंटही घ्यावे, म्हणजे रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्याभोवती कलते तो बिंदू) वर येतो. पण ही जोडी एकत्रच बसवा. नुसता बॉल जॉइंट बदलला तर बंप स्टिअर वाढूही शकतो.

सेटिंगचा क्रम: मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढचा कॅस्टर, कॅम्बर आणि शेवटी टो. कॅम्बर हलला की टो हलतोच. स्टिअरिंग अँगल सेन्सर असेल तर तो शून्यावर आणून घ्या, नाहीतर स्टॅबिलिटीचा दिवा लागतो. हेडलाइटचा झोतही तपासा. शेवटी प्रत्येक कॅम्बर बोल्टच्या डोक्यावर आणि लॉक नटवर पेंटची आडवी रेघ ओढा. शंभरेक किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर तो भाग फिरला आहे, रीडिंग पुन्हा घ्यायचे.